चप्पल हुंगवल्याने फीट थांबते का? अपस्माराविषयी वाचकांचे प्रश्न

फीट, आकडी, फेफरं, मिरगी, अपस्मार. आपल्याकडे या आजाराला नावं बरीच आहेत आणि सगळीच दबक्या आवाजात घेतली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि नियमित औषध मिळालं तर यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांच्या फीट पूर्ण थांबू शकतात. जुनी, स्वस्त औषधं वापरली तर वर्षाचा खर्च माणशी ५ डॉलर इतका कमी ठेवता येतो. तरीही गरीब देशांतल्या चारपैकी तिघांना हवे ते उपचार मिळत नाहीत. गोळी आणि माणूस यांच्यामध्ये नेमकं काय आडवं येतं, ते तुमच्या पत्रांतूनच दिसतं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं वगळली आहेत.

माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीला दोनदा फीट आली. पहिल्यांदा शिपाईमामांनी चप्पल हुंगवली आणि ती लगेच थांबली. दुसऱ्यांदा मी दातांत चमचा घालायला गेले, तर माझंच बोट चावलं गेलं. नक्की काय करायचं असतं?
(शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, जि. सांगली)

चपलेचं श्रेय आधी काढून घेऊ. अंग ताठ होऊन झटके येणारी फीट बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत आपली आपण थांबते. कुणीतरी ओरडणार, चप्पल काढणार, गर्दीतून वाट काढत ती नाकाशी नेणार. तोवर तेवढा वेळ झालेलाच असतो. चपलेऐवजी कांदा फोडा, हातात किल्ल्यांचा जुडगा द्या किंवा नुसते उभे राहा, फीट आपल्या वेळेलाच थांबणार.

तुम्ही करायचं ते एवढंच. पहिली गोष्ट घड्याळ बघायचं. घाबरलेल्या माणसाला अर्धं मिनिट पाच मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. मग बाकं, कंपासपेटी, दगड असं लागेल ते बाजूला सारा आणि डोक्याखाली दप्तर किंवा घडी घातलेली ओढणी सरकवा. गळ्याजवळचं बटण, टाय, चष्मा काढा. झटके ओसरू लागले की मुलीला कुशीवर वळवा, तोंड किंचित जमिनीकडे झुकलेलं ठेवा. लाळ, फेस, उलटी बाहेर पडायला हवी. उताणं ठेवलं तर तीच श्वासनळीत जाते. पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलेपर्यंत तिच्याजवळ थांबा.

तोंडात काहीही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, ते शरीररचनेतच शक्य नाही. जीभ कडेला चावली जाते, पण ती जखम आठवड्याभरात भरते. चमच्याने तुटलेला दात मात्र श्वासनळीत जाऊ शकतो. हातपाय दाबून धरू नका, त्यात खांदा निखळतो. पाणी पाजू नका, तोंडावर बादली उपडी करू नका. ओठ निळे पडले म्हणून तोंडाने श्वास देण्याची घाई नको. छातीचे स्नायू ताठरल्यामुळे श्वास अडतो, झटके थांबले की तो सुरू होतो. झटके थांबूनही श्वास सुरू झाला नाही, तर मात्र ती वेगळी आणि तातडीची बाब आहे.

पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, तर १०८ ला फोन करा. पाचच का? बहुतेक फीट मेंदू स्वतः आवरतो आणि त्याला एवढा वेळ पुरतो. त्यापुढे गेलेली फीट आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि जितका उशीर, तितकी औषधंही कमी लागू पडतात. शुद्ध न येता लागोपाठ दुसरी फीट आली, आयुष्यातली पहिलीच असली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असली किंवा मधुमेहाची रुग्ण असली, तर पाच मिनिटांचीही वाट बघू नका.

ज्या मुलांना लांबलेल्या फीट येतात, त्यांच्या पालकांना डॉक्टर नाकात मारायचा मिडॅझोलमचा फवारा लिहून देतात. मात्रा साधारण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम. म्हणजे २० किलोच्या मुलाला ४ मिलिग्रॅम. बाटलीवर एका फवाऱ्यात किती औषध आहे ते आधी वाचा, कारण सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. फवारा ०.५ मिलिग्रॅमचा असेल तर आठ वेळा मारायचा, चार एका नाकपुडीत आणि चार दुसरीत. बाटली नवी असेल तर आधी हवेत दोन-चार वेळा दाबून धार येते का ते पाहायचं, नाहीतर पहिले दोन फवारे नुसती हवाच. आकडा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधून ठेवा.

फीट ओसरल्यावर मूल दहा मिनिटं ते अर्धा तास गोंधळलेलं असतं. कपड्यांत लघवी झालेली असू शकते. ओढणीने झाका आणि बाकी मुलांना बाहेर पाठवा. फीट तिला आठवणार नाही, हसणारे चेहरे आठवतील.

शिक्षकांकडून आणखी एक मदत हवी आहे. काही मुलं वाचता वाचता पाच-दहा सेकंद एकटक बघत राहतात, पापण्या फडफडतात आणि मग पुढच्या ओळीपासून वाचू लागतात. दिवसातून असं वीस-पंचवीस वेळाही होतं. वर्गात याला ‘लक्ष नसणं’ म्हणतात आणि पट्टी बसते. हाही अपस्मारच आहे, औषधाला चांगली दाद देणारा. घरच्यांच्या आधी तो शिक्षकांच्या नजरेस पडतो.

आमच्या तालुक्यात मेंदूविकारतज्ज्ञ नाहीत. शहरात जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडं वेगळं. प्राथमिक आरोग्य केंद्रात फीटचे उपचार होऊ शकतात का?
(आशा कार्यकर्ती, जि. नंदुरबार)

बहुसंख्य रुग्णांचे होऊ शकतात, आणि व्हायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेची अपस्मार आणि इतर मेंदूविकारांसाठीची २०२२ ते २०३१ ची कृतियोजना हेच मानते. २०३१ पर्यंत ९० टक्के रुग्णांना आपल्या आजारावर उपचार होऊ शकतात हे माहीत असावं, ८० टक्क्यांना परवडणारं औषध मिळावं आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या फीट आटोक्यात याव्यात, असे तिचे तीन आकडे आहेत. तज्ज्ञांच्या भरवशावर हे जमणार नाही, एमबीबीएस डॉक्टर आणि तुम्ही यांच्याच हातून होईल.

निदान यंत्रापेक्षा हकिगतीवर ठरतं. रुग्णाला काही आठवत नसतं, म्हणून ज्याने फीट पाहिली त्याला सोबत न्या. सुरुवात कुठून झाली, मान एका बाजूला वळली का, डोळे उघडे होते की मिटलेले, किती वेळ चाललं, नंतर झोप लागली का, लघवी झाली का, हे विचारून वहीत लिहा. घरातल्या एकाने पुढची फीट मोबाइलवर चित्रित करावी. तीस सेकंदांचं चित्रीकरण कित्येकदा ईईजीपेक्षा (मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखापेक्षा) जास्त सांगून जातं. पहिली साधी ईईजी खऱ्या अपस्मारातही साधारण निम्म्या लोकांत बिनदोष येते, त्यामुळे ‘पट्टी नॉर्मल आली’ म्हणून गोळ्या बंद करणं चूक आहे. उलट, एकच फीट आली म्हणून अपस्मारही ठरत नाही. साधारणपणे २४ तासांहून जास्त अंतराने, ताप, दारू सोडणं, साखर उतरणं असं तात्कालिक कारण नसताना दोन फीट आल्या, तर अपस्मार म्हणतात.

औषध सुरू करताना एकच, कमी मात्रेत, आणि गरजेनुसार चढवत न्यायचं. प्रौढांसाठी फिनोबार्बिटोन रात्री ६० मिलिग्रॅमपासून, कार्बामाझेपिन दिवसाला १०० ते २०० पासून, फेनिटॉइन १५० ते २०० पासून. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना तुमच्या कानावर असावेत म्हणून दिले आहेत, परस्पर गोळ्या वाटण्यासाठी नव्हेत.

गाडी अडते ती ठरलेल्या जागी. पहिलं औषध अपुऱ्या मात्रेत दिलं जातं, फीट येते, लगेच दुसरं जोडलं जातं, मग तिसरं. रुग्णाच्या हातात तीन चिठ्ठ्या, तिन्ही औषधं अर्धवट आणि खर्च तिप्पट. आहे तेच औषध सोसेल तितकं वाढवून बघणं ही पहिली पायरी. अपवाद फेनिटॉइनचा. ते एका मर्यादेपर्यंत हळूहळू चढतं आणि मग एकदम उसळतं. ३०० वरून थेट ४०० केलं की माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागतो, डोळे थरथरतात. तिथे २५ ते ५० च्याच टप्प्याने वाढवावं लागतं. वर्षानुवर्षं घेतल्यास हिरड्या सुजतात, म्हणून दात रोज नीट घासायला सांगा.

क्षयाची औषधं सुरू झाली की फीटच्या गोळ्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. रिफाम्पिसिनमुळे रक्तातलं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट कमी होतं, तर आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन वाढतं. तुमच्या यादीत दोन्ही औषधं घेणारं कुणी असेल, तर ही एक ओळ डॉक्टरांना सांगण्याइतकं महत्त्वाचं काम दुसरं नाही. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंड आलं, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून थांबायचं नाही.

आणि गोळ्या संपायच्या आधी एक आठवडा घरी फेरी मारा. केंद्रातला साठा संपणं हे आपल्याकडे फीट परत येण्याचं मोठं कारण आहे, ते रुग्णाच्या माथी मारून चालत नाही.

आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे, अंडंसुद्धा चालत नाही. तरी मुलाच्या स्कॅनमध्ये ‘डुकराच्या मांसातून येणारी अळी’ निघाली. डॉक्टर चुकले नाहीत ना?
(वाचक, जि. बीड)

बहुधा नाहीत. हा घोटाळा समजून घेण्यासारखा आहे, कारण यात मांसापेक्षा विष्ठेचा हात मोठा आहे.

टीनिया सोलियम नावाचा हा पट्टकृमी आहे. अर्धकच्चं, बाधित डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो लांबलचक जंत होऊन राहतो. त्या माणसाला फारसा त्रासही होत नाही, पण त्याच्या विष्ठेतून हजारो सूक्ष्म अंडी बाहेर पडत राहतात. ती अंडी डुकराने खाल्ली की डुकराच्या मांसात अळ्या होतात. माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत होतात. म्हणजे मांस खाऊन जंत होतो आणि अंडी गिळून मेंदूत अळी होते. अंडी गिळायला मांसाहारी असावं लागत नाही. उघड्यावर शौच, मैल्याचं पाणी दिलेली भाजी, शौचाहून येऊन साबण न लावता पीठ मळणारा हात, एवढं पुरतं. लग्नातल्या पंगतीची कोशिंबीर कुणी चिरली, हे कोणत्या माळकऱ्याला ठाऊक असतं?

कोबी मात्र विनाकारण बदनाम झाला आहे. कोबीत किडा जन्मत नाही. अंडी कोबीवर असू शकतात तशी मुळ्यावर, गाजरावर, कोथिंबिरीवरही असू शकतात. नीट शिजवली की मरतात. कच्चं खायचं ते वाहत्या पाण्याखाली पान न् पान सुटं करून चोळून धुवा. बादलीत बुचकळून काढणं म्हणजे धुणं नव्हे.

हा रोग आढळणाऱ्या देशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हेच कारण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात मुलांमध्ये बहुतेकदा एकच लहान गाठ दिसते. पूर्वी स्कॅनवर अशी गाठ दिसली की तिला क्षयाची समजून लांबलचक औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा या अळीच्या निघाल्या. १९८९ च्या सुमारास हे पुढे आलं आणि उपचारांची दिशाच बदलली. गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान असणं, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नसणं, हातापायाची ताकद कमी होत न जाणं, या खुणांवरून आता शस्त्रक्रियेशिवाय अंदाज बांधतात.

उपचार दुहेरी. फीटची गोळी, आणि गाठ अजून जिवंत अवस्थेत असेल तर अल्बेंडाझोल, दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, एक ते दोन आठवडे, सोबत स्टिरॉइड. जंताची गोळी मेडिकलमधून आणून घरी सुरू करू नका. अळी मरताना तिच्याभोवती सूज येते, गाठी अनेक असतील तर ती सूज जिवावर बेतते, आणि डोळ्यात अळी असेल तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून आधी डोळे तपासतात आणि मगच औषध देतात. साधारण सहा महिन्यांनी स्कॅन पुन्हा होतो. गाठ विरघळलेली असेल आणि फीट नसतील, तर गोळी लवकर थांबवता येते. तिथे चुनखडीसारखा ठिपका उरला असेल तर जास्त काळ चालू ठेवतात.

मुलगी २४ वर्षांची, पदवीधर. सातवीपासून गोळ्या चालू, तीन वर्षांत एकही फीट नाही. स्थळं येतात. सांगावं की लपवावं? लग्न कायदेशीर राहील का? मूल निरोगी होईल का?
(आई, नाशिक)

कायद्याचं आधी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये वेडाच्या बरोबरीने ‘अपस्माराचे झटके’ लग्नाच्या आड येणारे म्हणून लिहिलेले होते. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून काढले गेले. आज अपस्मार आहे एवढ्या कारणावरून लग्न रद्द होत नाही. पण लपवलं तर ‘फसवणूक केली’ या आरोपाला जागा राहते.

लपवू नये याचं आमच्या लेखी मोठं कारण वेगळं आहे. लपवलेली गोळी चुकते. साखरपुड्यापासून सत्यनारायणापर्यंतची जागरणं, नवं घर, पर्स उघडायला संकोच. नेमकी तेव्हाच तीन वर्षांनी फीट येते, आणि तीही सासरी. साखरपुड्याआधी, शक्य असेल तर मुलीने स्वतःच मुलाला सांगावं आणि दोघांनी एकदा डॉक्टरांना भेटावं. चार स्थळं मोडतील. ती मोडायचीच होती.

आता गोळीचं. ती कोणती घेते ते आजच बघा. व्हॅल्प्रोएट असेल तर लग्न ठरायची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. गरोदरपणात ते चालू राहिलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत मोठं व्यंग आढळतं, एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. शिवाय ३० ते ४० मुलांच्या बोलण्यात, शिकण्यात, वागण्यात अडचणी दिसतात. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासेटॅम ही त्या मानाने बरीच सुरक्षित. बदल हळूहळू, काही महिन्यांत होतो, म्हणूनच तो गर्भ राहण्याआधी व्हायला हवा. फोलिक ॲसिडही आधीपासूनच. अपस्माराच्या स्त्रियांना आपल्याकडे बहुधा ५ मिलिग्रॅमची गोळी देतात.

दिवस राहिल्याचं कळताच घाबरून गोळ्या फेकून देणं, हा या सगळ्यातला सर्वांत धोक्याचा प्रसंग. मोठी फीट आई आणि बाळ दोघांनाही घातक ठरू शकते. गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी गरोदरपणात बरीच उतरते, मात्रा वाढवावी लागते आणि बाळंतपणानंतर पुन्हा खाली आणावी लागते. अंगावर पाजायला सहसा हरकत नसते. बाळंतिणीचं रात्रीचं जागरण मात्र फीटला आमंत्रण आहे. रात्रीचं एखादं पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळावं. अपस्मार असलेल्या नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रियांना निरोगी मूल होतं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: या औषधांमुळे पाळणा लांबवायच्या गोळ्या निकामी ठरू शकतात, तांबी किंवा दुसरा उपाय विचारावा.

एकादशीला गोळी घेतली तर उपास मोडतो का? आणि वारीत डोस चुकला तर काय?
(वाचक, जि. सातारा)

मोडत नाही. घोटभर पाण्याबरोबर घ्या. निर्जळी उपास आणि रात्रभर जागरण मात्र टाळा, त्यात जागरण जास्त वाईट.

चुकलेली गोळी आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर पंधरा मिनिटांत उलटी होऊन गोळी बाहेर पडली, तर पुन्हा घ्या. वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं आणि ट्रक मुक्कामीच भेटतो. दोन दिवसांच्या गोळ्या कमरेच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, बाकीचा साठा ट्रकमध्ये. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मेडिकलवाल्याने ‘तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून स्ट्रिप बदलून दिली, तर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तपासा. एकदा जमलेली कंपनी शक्यतो बदलू नका.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सकाळी उठल्यावर हातातून चहाचा कप उडतो, ब्रश निसटतो. परवा रात्रभर जागलो आणि सकाळी मोठी फीट आली. आता कार्बामाझेपिन सुरू आहे, पण हाताचे झटके वाढलेत.
(विद्यार्थी, पुणे)

हे पत्र घेऊन या आठवड्यातच मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा, आणि कप उडण्याची गोष्ट सर्वांत आधी सांगा. रुग्ण ती सांगत नाहीत, कारण तो अशक्तपणा वाटतो. किशोरवयात सुरू होणारा, सकाळच्या झटक्यांचा एक ठरावीक अपस्मार असतो. तुमचं वर्णन त्याच्याशी जुळतं. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि फेनिटॉइन यांनी तो बिघडू शकतो. पुरुषांत व्हॅल्प्रोएट उत्तम लागू पडतं, मुलींना बहुधा लेव्हेटिरासेटॅम देतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलून घ्या. हा प्रकार औषधाने छान आवरतो, पण औषध बहुतेकांना अनेक वर्षं, कित्येकदा जन्मभर लागतं. अभ्यास पहाटे की रात्री हा तुमचा प्रश्न; झोप मात्र सात तास, आणि रोज एकाच वेळी.

टेम्पो चालवतो. दोन वर्षांत फीट नाही. लायसन्सचं नूतनीकरण कसं करावं?
(वाचक, जि. ठाणे)

अर्जासोबतच्या नमुना १ मध्ये फेफरं किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, असा थेट प्रश्न आहे. मालवाहू वाहनासाठी शिवाय डॉक्टरांचा दाखलाही लागतो. ब्रिटनमध्ये साधारण वर्षभर फीट नसेल तर खासगी मोटार चालवू देतात, तसा नियम आपल्याकडे नाही. तो असावा, असं आमचं मत आहे, कारण सरसकट बंदीमुळे लोक आजारच लपवतात. पण आज तुमच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असंच आहे. खोटं लिहून चालवलं आणि अपघात झाला, तर विमा आणि खटला दोन्ही अंगावर येतील. मालकाशी बोलून माल चढवणं-उतरवणं, बिलं, गोदाम असं काम मागा.

सात वर्षांच्या मुलाला फक्त डोक्यावरून गरम पाणी ओतलं की फीट येते. एरवी कधीच नाही. असं असतं का?
(वाचक, बेळगाव)

असतं, आणि त्याचा मुलूख तुमच्याच राज्यात आहे. गरम पाण्याचा अपस्मार दक्षिण कर्नाटकात, म्हैसूर-मंड्या-बंगळूर पट्ट्यात, जगात इतरत्र क्वचितच दिसेल इतका आढळतो. बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या संस्थेत त्यावर बराच अभ्यास झाला आहे. मुलींपेक्षा मुलांना जास्त. कढत पाण्याचे तांबे भराभर डोक्यावर ओतले की मूल एकदम थिजतं, एकटक बघतं, असंबद्ध बोलतं, कधी पूर्ण झटकेही येतात. काहींना त्या क्षणी सुखद वाटतं आणि ती थांबवली तरी पाणी ओततच राहतात. त्याला हट्ट समजू नका.

आंघोळ कोमट पाण्याची, गळ्याखालून. डोकं वेगळ्या वेळी, ओल्या टॉवेलने पुसून किंवा गार-कोमट पाण्याने थोडं थोडं धुवा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही तोच नियम, तेल लावा पण कढत तांबे नकोत. एवढ्यावर भागलं नाही, तर डोक्यावरून न्हायच्या दिवशी दीड-दोन तास आधी क्लोबाझाम या फीटच्या औषधाची एक गोळी देतात, ती डॉक्टरांनी ठरवायची. काही मुलांना पुढे आंघोळीविनाही फीट येऊ लागतात. तसं झालं तर रोजचं औषध लागतं.

सुनेला ‘बाहेरचं’ आहे म्हणून देवऋषीकडे मिरचीची धुरी दिली. मी एकटाच विरोधात आहे. तिची फीट वीस-वीस मिनिटं चालते, डोळे घट्ट मिटलेले असतात, पण तपासण्या सगळ्या नॉर्मल.
(सासरे, जि. परभणी)

भूत उतरवण्याच्या नावाखाली मिरचीची धुरी देणं, बांधून मारणं, हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरात हे एक वाक्य उच्चारून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने धुरी थांबते.

तुम्ही दिलेलं वर्णन आम्हाला अपस्मारापेक्षा दुसरीकडे नेतं. खऱ्या फीटमध्ये डोळे बहुधा उघडे असतात. मिटलेले डोळे, वीस मिनिटं कमी-जास्त होत राहणारी हालचाल, मान नकारार्थी हलवणं, मधे रडणं, ही मानसिक ताणातून येणाऱ्या झटक्यांची लक्षणं असू शकतात. हे नाटक नव्हे, तिच्या ताब्यातलंही नसतं. फीटच्या गोळ्या इथे उपयोगी पडत नाहीत; मानसोपचार आणि घरातल्या ताणाचा शोध उपयोगी पडतो. मात्र हा निर्णय घरी घ्यायचा नाही, कारण एकाच व्यक्तीत दोन्ही प्रकार असू शकतात. झटक्याचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवा. आणि तिच्याशी कुणीतरी एकांतात बोला, जमल्यास तिच्या माहेरचं.

गोळ्या कधी बंद होतात? दोन औषधं घेऊनही महिन्याला चार फीट येतात, त्यांनी काय करावं?
(अनेक वाचक)

किमान दोन वर्षं, प्रौढांत कित्येकदा त्याहून जास्त, एकही फीट नसेल तर बंद करण्याचा विचार होतो. काही महिन्यांत थेंबाथेंबाने कमी करत. तरी साधारण तिघांत एकाला फीट परत येते. रातोरात बंद केलेली गोळी मात्र थेट अतिदक्षता विभागात नेऊ शकते.

योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत, नियमित घेऊनही फीट थांबत नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या मागे वर्षं घालवू नका. त्या टप्प्यावर अपस्मारासाठीचा खास एमआरआय आणि चित्रीकरणासह ईईजी करून शस्त्रक्रियेचा विचार व्हायला हवा. कानशिलामागच्या मेंदूच्या भागात व्रण असेल, तर शस्त्रक्रियेनंतर साधारण १०० पैकी ६० ते ७० जणांच्या फीट थांबतात. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून हे काम चालतं, मुंबईतही सोय आहे. लोक तिथे पोचतात तेव्हा आजाराला पंधरा-वीस वर्षं झालेली असतात. शाळा सुटलेली असते, नोकरी गेलेली असते.

घरात काय काळजी घ्यावी? न्हाणीघराला आतून कडी लावू द्यावी का?
(वाचक, रत्नागिरी)

कडी नको. बाहेर ‘आत कुणी आहे’ अशी पाटी लावा. दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार अडतं. स्टुलावर बसून बादली-तांब्याने आंघोळ करावी, टबात नको. चुलीपुढे एकटं बसू नये. गॅसवर मागचा बर्नर वापरावा, कढईचा दांडा आत वळवावा, उकळतं पातेलं उचलून नेण्याऐवजी ताट चुलीजवळ न्यावं. विहिरीवर, नदीवर, मळणीयंत्राजवळ, माडावर एकट्याने जाऊ नये. झोपायला बुटकी खाट किंवा जमिनीवर गादी. ताटवाटी, पेला, अंथरूण वेगळं ठेवायचं कारण नाही, फेसातून हा आजार पसरत नाही. खिशात एक कागद: आजाराचं नाव, औषध आणि मात्रा, घरचा फोन नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘तोंडात काही घालू नका’.